सगळे बिल्ले हिरवे

१

जेवणाचा एक डबा उरला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की एक माणूस कमी आहे.

बोट प्रवाळाच्या खडकांकडून निघून वीस मिनिटांत बेटाच्या धक्क्याला लागली होती. टूरची माणसं पंधरा, डबे पंधरा. पोहून आलेल्यांना भूक अशी लागली होती की कुणी कुणाकडे बघत नव्हतं. टूर मॅनेजरने उरलेला डबा उचलला, त्यावरचा अकरा नंबर वाचला आणि विचारलं, "प्लायवूडवाले कुठायत?"

प्लायवूडवाल्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, खालच्या खोलीतून वर आली. बोट लागल्यामुळे ती सकाळपासून खाली डोळे मिटून पडली होती, तिचा डबाही खालीच पोचवला होता. ती म्हणाली, ते काय पुढे बसलेत, मघाशी पाहिलं मी त्यांना.

बोटीच्या टोकाला, पाठ करून, मोठ्या पिवळ्या फुलांचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. तो शर्ट प्लायवूडवाल्यांचाच. अख्ख्या टूरमध्ये तसला शर्ट घालायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. वहिनींनी हाक मारली आणि माणूस वळला. तो वहिनींचा धाकटा भाऊ होता, स्वतःचा डबा मांडीवर घेऊन.

बोटीवर माणसं मोजायचं काम एका बाईकडे होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती अरुंद बोळातल्या लाकडी फळीकडे धावली. फळीवर पंधरा चौकोनी बिल्ले, दर माणशी एक, ज्याच्या त्याच्या नंबरचा. एक बाजू लाल, एक हिरवी. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की हिरवा. एक जरी लाल दिसला तरी बोट जागची हलायची नाही.

पंधराच्या पंधरा हिरवे होते.

२

प्लायवूडवाले सापडले, पण तीन तासांनी, आणि आपल्या बोटीला नाही, मासेमारीच्या होडीला. लाइफ जॅकेटने त्यांना तरंगत ठेवलं होतं. पण छातीत पाणी गेलेलं, शुद्ध नाही. रात्रभर डॉक्टर काहीच बोलायला तयार नव्हते. बंदराचे अधिकारी दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉटेलवर जबाब घ्यायला येणार होते.

बोटीच्या मालकाने मात्र तोवर खापर फोडायला डोकं शोधलं होतं. घाईने निघायचं म्हणून मोजणाऱ्या बाईनेच बिल्ला फिरवला, असं त्याने लिहूनही दिलं. तसं ठरलं तर बाईचा परवाना कायमचा जाणार होता, आणि वर पोलिसांचं झेंगट.

ती बाई सकाळी हॉटेलच्या बैठकीत येऊन बसली. मालकाला भेटायला नाही, मॅनेजरला भेटायला नाही. सिस्टरला भेटायला.

सिस्टर म्हणजे टूरमधल्या एकसष्ट वर्षांच्या बाई. तेहतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. पोट शिवायच्या आधी आतले कापसाचे बोळे, जाळीच्या पट्ट्या, चिमटे मोजायचे, हे त्यांचं काम. दोघी नर्सनी मिळून, मोठ्याने, आणि प्रत्येक वस्तूला बोट लावून. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला होता. समुद्र पाहायचा, तोही आतून, आणि तिथे काहीही मोजायचं नाही. नवऱ्याला आराम हवा होता, यांना धाडस. तो चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत बाटल्या लावणारा माणूस. इथे आल्यापासून त्याने हॉटेलातल्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या होत्या, पोहण्याच्या तलावाशी लोकांनी सोडलेल्या चपलांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि नाश्त्याच्या टेबलावरच्या जॅमच्या बाटल्यांची नावं समोर येतील अशी फिरवली होती. टूरवाले त्याला काका म्हणत आणि त्याच्यावर हसत. सिस्टर हसत नसत. त्यांना त्याची सवय झाली होती.

काल पाण्यात पहिल्यांदा तोंड घालताना सिस्टरची पाचावर धारण बसली होती. तेव्हा या मोजणाऱ्या बाईने त्यांचा हात धरून ठेवला होता, त्या स्वतःहून सोडेपर्यंत. म्हणून आता तिने मदत मागितल्यावर नाही म्हणवेना. खरं तर त्यांना तपासबिपास काही नको होता. त्यांना झोप हवी होती.

मॅनेजरने मध्ये बसून बाईचं परदेशी बोलणं मराठीत सांगितलं. निघायच्या आधी तिने फळी पाहिली, तेव्हा अकरा नंबर लाल होता. तिने दोनदा हाका मारल्या. तेवढ्यात वर आलेली एक मुलगी पाय धुवायला परत शिडीवर उतरली आणि तिच्या पायात गोळा आला, म्हणून ती तिला वर ओढायला गेली. पाचेक मिनिटांत परतली तर सगळे हिरवे. इतकी छान फळी तिने कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आला असेल. तिने कप्तानाला हात केला.

"म्हणजे त्या पाच मिनिटांत कुणीतरी बिल्ला फिरवला," सिस्टर म्हणाल्या. "आणि तो फिरवणारा आपल्यातलाच."

३

खोलीत जाऊन त्यांनी चपला शोधल्या. एक दाराशी, दुसरी पलंगाखाली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कालपासून पोट बिघडलंय म्हणत होता, चहासुद्धा घेतला नव्हता. त्या म्हणाल्या, जरा वहिनींकडे जाऊन येते. त्याने हुं केलं.

वहिनी दवाखान्यातून तासाभरापुरत्या कपडे बदलायला आल्या होत्या. रडून रडून डोळे सुजलेले. त्यांच्याकडून फार काही निघालं नाही. आपण खाली पडून होतो, एकदा उलटीसाठी वर आलो, पुढे नवऱ्याचा शर्ट दिसला, जीव भांड्यात पडला आणि परत खाली गेलो, एवढंच. मग त्या आपणहून म्हणाल्या, काकांचे मात्र उपकार आहेत. काल धक्क्यावर सगळे धावपळ करत होते, तेव्हा काकांनीच त्यांना पाणी आणून दिलं, तीन तास शेजारी बसून राहिले, एक अक्षर न बोलता.

मॅनेजरने मात्र दुसरीच बातमी दिली. काल नाश्त्याला प्लायवूडवाल्यांनी मेहुण्याचा चारचौघांत पाणउतारा केला होता. मेहुणा त्यांच्याच दुकानात कामाला. त्याला ते सोडून शिक्षकाची नोकरी धरायची होती. प्लायवूडवाले म्हणाले होते, तू कसला मास्तर होतोस, तुला अजून सहा फुटी फळी आणि आठ फुटी फळी ओळखू येत नाही. सगळे हसले होते. मेहुणा उठून गेला होता.

आणि मग त्याच मेहुण्याने त्याच माणसाचा शर्ट घातला, टोकाला जाऊन बसला, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं, प्लायवूडवाले परत आले.

मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "अजून काय पुरावा हवा, सिस्टर?"

सिस्टरना पुरावा नको होता, शेवट हवा होता. हा शेवट सोपा होता. पण थिएटरमध्ये मोजणी पहिल्या झटक्यात जुळली की त्यांना नेहमी धाकधूक व्हायची. त्यांनी विचारलं, त्या वेळी बोटीवर कोरडं कोण होतं? मॅनेजरने बोटांवर मोजलं. वहिनी खाली. मेहुणा लवकर वर आलेला. काका तर पाण्यात उतरलेच नव्हते. कप्तान त्याच्या खोलीत, चाकाशी. बाकी सगळे शिडीच्या बाजूला, पायात गोळा आलेल्या मुलीभोवती.

"त्या बोळात कुणी फोटो काढले का?"

आमच्या टूरमध्ये नवी जोडी आहे, मॅनेजर म्हणाला. ते श्वास घेतला तरी फोटो काढतात.

४

नव्या जोडीने फोन पुढे केला. त्या दिवसाचे दोनशे चौदा फोटो. त्यांतले दोन फळीसमोरचे. गाल गालाला लावलेले, आणि मागे बिल्ले.

पहिला दहा वाजून एकावन्न मिनिटांचा. चौदा हिरवे, एक लाल. ओल्या हातांनी घाईघाईत अडकवलेले बिल्ले कसेही लोंबत होते. प्रत्येकाला वर आणि खाली अशी दोन भोकं होती, त्यामुळे काही सुलटे, काही उलटे, काही खिळ्यावरून निसटायला आलेले.

दुसरा दहा सत्तावन्नचा. नव्या नवरीने गॉगल बदलला होता, म्हणून पुन्हा काढलेला. मागे सगळे हिरवे.

सिस्टरनी दुसरा फोटो मोठा केला. मग पहिला. मग परत दुसरा. सात नंबर त्यांचा स्वतःचा. काल पाण्यातून वर आल्यावर त्यांनी तो मुद्दाम न बघता अडकवला होता, आकडा खाली डोकं वर पाय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट तपासून पाहिली नव्हती आणि त्यातही त्यांना गंमत वाटली होती. पहिल्या फोटोत सात उलटाच होता.

दुसऱ्या फोटोत तो सरळ होता.

"काय झालं, सिस्टर?" नव्या नवरीने विचारलं. "चक्कर येतेय का?"

उकाडा आहे, त्या म्हणाल्या. त्यांनी ते दोन फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. बिल्ला कुणी फिरवला हे त्यांना कळलं होतं, आणि त्या उठून मेहुण्याला शोधायला गेल्या.

५

मेहुणा हॉटेलच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या दोऱ्यांमागे सापडला. सिस्टर त्याच्याशी ज्या आवाजात बोलल्या, तो आवाज त्यांनी नोकरीतही फारसा वापरला नव्हता.

शर्ट का घातला? माझा भिजला होता, तो म्हणाला, मी खाली गेलो तर ताईने डोळे न उघडताच पिशवीत हात घातला आणि हाताला लागला तो दिला. पुढे पाठ करून का बसलास? कुणाचं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून. भाऊजी पाण्यातून आले नाहीत हे दिसलं नाही? सिस्टरनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "बघायचंच नाही असं ठरवलं होतं. ते आले की परत काहीतरी बोलतील म्हणून. मी मागे वळून पाहिलं असतं तर..."

तो रडायला लागला. तिशीतला, मिशा असलेला माणूस, टॉवेलाआड तोंड लपवून. सिस्टरनी त्याला रडू दिलं आणि तरीही विचारलं, बोळात गेला होतास का? बिल्ल्याला हात लावलास का? तो नाही म्हणाला. त्यांनी दटावलं, आठवून सांग. तो नाहीच म्हणाला.

मग त्या तिथेच पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. तो खरं बोलतोय हे त्यांना तो बोलायच्या आधीच माहीत होतं. ज्याला कुणाचा काटा काढायचा असतो, तो एक बिल्ला फिरवतो आणि हात झटकून निघून जातो. तो बाकीचे चौदा सरळ करत बसत नाही. सहा मिनिटांत कुणीतरी पंधराच्या पंधरा बिल्ले एका ओळीत लावले होते, आकडे वर, हिरवी बाजू समोर. यात वैर नव्हतं. ही सवय होती.

तीन वाजून गेले होते. मोजणारी बाई अजून बैठकीतच असणार, हात मांडीवर ठेवून. सिस्टर उठल्या. खोलीपर्यंतचा जिना त्यांना फार उंच वाटला.

६

नवरा उठून पलंगाच्या कडेला बसला होता. सिस्टरनी फोन त्याच्यापुढे धरला. पहिला फोटो, मग दुसरा.

"माझा सात नंबर मी उलटा टांगला होता," त्या म्हणाल्या. "माझ्यामागून माझी वस्तू सरळ करणारा या जगात एकच माणूस आहे."

त्याने फोटोकडे पाहिलंच नाही.

"आणि कालपासून तुम्ही या खोलीतली एक वस्तू सरळ केलेली नाही. माझ्या चपला सकाळी दोन दिशांना होत्या. म्हणजे तुम्हालाही कळलंय. धक्क्यावर, डबा उरला तेव्हाच कळलं असेल."

मग तो हळूहळू सांगत गेला. बोटीवर करण्यासारखं काही नव्हतं. टॉवेल घ्यायला बोळात गेला, तर फळीवरचे बिल्ले वेडेवाकडे. लावत गेला. लाल एकच राहिला. त्याने मान काढून पाहिलं, तर पुढे पिवळ्या फुलांचा शर्ट. वाटलं, हा आला आणि फिरवायला विसरला. नेहमीच विसरतात लोक. रसायनशाळेतही मुलं बाटल्या वापरून झाकणं तशीच ठेवायची, आणि तो मागून लावत जायचा. चौतीस वर्षांत त्याबद्दल कुणी चूक म्हटलं नव्हतं.

"चौदा हिरवे आणि मध्येच तो एक लाल," तो म्हणाला. "बरं दिसत नव्हतं गं."

सिस्टरना रडू आलं नाही, रागही आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं. थिएटरमध्ये मोजणी चुकते ती आळशी बाईमुळे नाही, हे त्या प्रत्येक नव्या मुलीला शिकवत आल्या होत्या. ती चुकते मदत करणाऱ्या बाईमुळे. तू दमलीस, तुझं मी मोजते, असं म्हणणाऱ्या बाईमुळे. आणि तसली बाई त्यांच्या घरात चौतीस वर्षं राहत होती.

"चूक झाली, ती कळली," त्या म्हणाल्या. "पण काल वहिनींच्या शेजारी तीन तास बसलात तुम्ही. त्यांना पाणी दिलंत. तेव्हा का नाही बोललात? आणि आज ती बाई खाली सकाळपासून बसून आहे. तिचा परवाना चाललाय."

"भीती वाटली."

"कशाची?"

"परदेश आहे. इथे काय करतील, कुणास ठाऊक. आणि तू... तू काय म्हणशील."

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. सिस्टरनी खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या गणवेशातले दोन अधिकारी आले होते. सिस्टरनी नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि सांगितलं, एक तर तुम्ही सांगा, नाही तर मी सांगते. पण कुणीतरी सांगणार, आणि आत्ता.

७

बैठकीत सगळे जमले होते. अधिकारी टेबलामागे, मालक त्यांच्या उजवीकडे, मोजणारी बाई समोर. वहिनी दवाखान्यातून निरोप घेऊन आल्या होत्या. प्लायवूडवाल्यांनी दुपारी डोळे उघडले, बायकोला ओळखलं. धोका टळला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मालकाने आपलं म्हणणं परत एकदा वाचायला सुरुवात केली. तो दुसऱ्या ओळीवर असताना काका उभे राहिले.

"अकरा नंबरचा बिल्ला मी फिरवला," ते म्हणाले. "बाईंनी नाही."

मॅनेजर भाषांतर करायचंच विसरला. अधिकाऱ्याने विचारल्यावर त्याने ते सांगितलं. मग काकांनी सगळं सांगितलं, बिल्ले कसे लावले, शर्ट कसा दिसला, आणि काल का बोललो नाही तेही. सिस्टरनी दोन फोटो टेबलावर ठेवले. मेहुण्यावर आता कुणी संशय घेऊ नये, त्याने बोळात पाऊलही टाकलं नव्हतं, असं त्यांनी मुद्दाम सर्वांसमोर म्हटलं. मेहुण्याने वर पाहिलं नाही.

वहिनी काकांकडे बघत राहिल्या. त्या आता ओरडतील असं सगळ्यांना वाटत होतं.

"काका, मी काल तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून खुर्ची बदलून भावाशेजारी जाऊन बसल्या.

मोजणाऱ्या बाईने अधिकाऱ्याला काहीतरी सांगितलं. मॅनेजरने ते हळू आवाजात सिस्टरना सांगितलं. ती म्हणत होती, या माणसाने बिल्ला फिरवला हे खरं, पण माणसं मोजायचं काम माझं होतं. मी बिल्ले मोजले, डोकी मोजली नाहीत. तेवढं माझ्या नावावर लिहा. अधिकाऱ्याने तेवढंच लिहिलं. परवाना रद्द झाला नाही, महिनाभर थांबला. काकांना दोन ठिकाणी सह्या कराव्या लागल्या, आणि चौकशी पुरी होईपर्यंत पासपोर्ट जमा करावा लागला. मालकाने आपला कागद घडी करून खिशात घातला.

८

संध्याकाळी दोघं खोलीत बसली. सुट्टीचे चार दिवस अजून शिल्लक होते. टूर सकाळी धबधबा बघायला जाणार होती. यांना जाता येणार नव्हतं, आणि कुणी चला असं म्हटलंही नव्हतं.

नवरा म्हणाला, "तू वर आली नसतीस, तर मी बोललो नसतो. बाईचा परवाना गेला असता, तरी नसतो बोललो. ते तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

"माहीत आहे."

"आता तुला माझी किळस येत असेल."

तेहतीस वर्षांत गप्प बसणाऱ्या माणसाचा निवाडा करायला सिस्टरनी कधी एक क्षण लावला नव्हता. मोजणी चुकलेली कळली की तिथल्या तिथे, मोठ्याने सांगायचं. पोट शिवून झालं असलं तरी, डॉक्टर ओरडला तरी. नव्या मुली गप्प बसायच्या, तेव्हा त्या त्यांना थिएटरबाहेर काढायच्या.

"मला दोनच्या आधी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फोटो बघितला तेव्हाच. आणि मी तुमच्याकडे आले तीन वाजून गेल्यावर. मधला तासभर मी त्या मेहुण्याच्या मागे लागले होते. त्याला रडवलं. तो निघावा म्हणून."

नवऱ्याने मान वर केली.

"तो निघाला असता ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुमचं नाव घेतलं नसतं."

बाहेर कुणीतरी तलावात उडी मारली आणि दोन-तीन माणसं हसली. सिस्टरनी डोळे पुसले, मग नवऱ्याचा हात हातात घेतला.

"उद्या दवाखान्यात जायचं," त्या म्हणाल्या. "प्लायवूडवाल्यांची तुम्ही माफी मागा. मेहुणा तिथेच असेल, त्याची मी मागते."

त्याने विचारलं, भेटायची वेळ काय असते. दहा ते अकरा, त्यांनी सांगितलं.